आठ दिवसांनंतरही दारे बंदच होती

वाचन: योहान २०:१९-२९, प्रेषितांची कृत्ये ४:१-३१



पास्काच्या दुसऱ्या रविवारी दर वर्षी आपण योहानाच्या शुभवर्तमानातला एकच उतारा ऐकतो. ‘थोमाचा उतारा’ म्हणून तो लहान मुलांनाही ठाऊक आहे. थोमाच्या शंकेवर आजवर इतकी प्रवचने झाली आहेत की त्याच उताऱ्यातील दाराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आज आपण बिचाऱ्या थोमाला थोडे बाजूला ठेवू आणि दाराकडे पाहू.

पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी शिष्य एका घरात जमले होते आणि भीतीमुळे त्यांनी दारे लावून घेतली होती. सकाळी मरिया मग्दालियाने त्यांना प्रभू दिसल्याची बातमी सांगितली होती. कबर रिकामी असल्याचे पेत्राने स्वतः आत जाऊन पाहिले होते. तरीही दारे बंद! अशा घरात येशू येतो. तो दार ठोठावत नाही, ‘आधी दार उघडा, मग मी येतो’ असेही म्हणत नाही. थेट त्यांच्या मध्ये उभा राहतो, शांती देतो, हातांवरच्या आणि कुशीतल्या जखमा दाखवतो. पळून गेल्याबद्दल तो एका शब्दानेही रागावत नाही. शिष्यांना आनंद होतो. पवित्र आत्म्याचे दान मिळते आणि जगात जाण्याचा आदेशही मिळतो.

आता पुढचे वाक्य नीट वाचावे. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा त्याच घरात आहेत आणि दारे पुन्हा बंद आहेत. या दुसऱ्या वेळी योहान भीतीचा उल्लेख करीत नाही; पण दारे बंद होती हे सांगायला मात्र तो विसरत नाही. ज्यांनी प्रत्यक्ष पुनरुत्थित प्रभूला पाहिले, ज्यांच्यावर त्याने श्वास फुंकला, त्यांनाही आठ दिवसांत घराबाहेर पडण्याचे धैर्य झाले नव्हते. आणि दुसऱ्या वेळीही येशू बंद दारातून आत येतो आणि पुन्हा शांतीच देतो.

आम्हाला या वाक्याने फार धीर दिला आहे. ‘मी रोज रोजरी म्हणते, रविवारची मिस्सा चुकवत नाही, तरी मला रात्री झोप लागत नाही. म्हणजे माझा विश्वासच कमी आहे का?’ असे विचारणारी माणसे आपल्या धर्मग्रामात कमी नाहीत. काही जण तर भीती वाटते हे पाप समजून पापनिवेदनात सांगतात. भीती वाटणे हे पाप नाही. गेथसेमनी बागेत आपला प्रभू स्वतः व्याकूळ झाला आणि हा प्याला टळावा म्हणून त्याने पित्याला विनवले. भीती ही देवाने दिलेली राखण आहे. ती नसती तर आपण रेल्वेचे रूळ न पाहता ओलांडले असते. प्रश्न भीती वाटण्याचा नाही. घरातला निर्णय कोण घेणार, भीती की प्रभू, हा खरा प्रश्न आहे.

बंद दाराचा अर्थ आम्हा वसईकरांना पुस्तकातून शिकावा लागत नाही. आज जे चाळिशी-पन्नाशी ओलांडून पुढे गेले आहेत त्यांना १९८० च्या दशकाची अखेर आठवत असेल. वसई-विरारच्या जमिनींना सोन्याचा भाव येऊ लागला होता. हरित पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला होता. वाड्यांतल्या विहिरींतून टँकरमागून टँकर पाणी उपसून नेले जात होते, बावखले आटत होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या गोड असलेले पाणी मचूळ लागू लागले होते. या सगळ्याबरोबर आली ती दहशत. जमीन विकायची नसली तरी ‘नाही’ म्हणायची सोय उरली नव्हती. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी नालासोपारा रेल्वे स्थानकात एका बांधकाम व्यावसायिकाचा गोळ्या घालून खून झाला. स्थानकासारख्या वर्दळीच्या ठिकाणी हे होऊ शकते, मग आपल्या आडवाडीत काय होईल, हा विचार त्या दिवसानंतर घराघरांत शिरला.

त्या दिवसांची आमची आठवण आवाजाची आहे. घरी काही नावे घ्यायची वेळ आली की मोठ्या माणसांचा आवाज खाली यायचा. कोणीतरी उठून खिडकी लावायचे. मुले खोलीत असली तर विषय बदलायचा. दिवेलागणीनंतर ओट्यावर बसणे कमी झाले. लग्नाच्या मांडवातही जमिनीच्या गोष्टी कुजबुजत होत. भीतीचे खरे नुकसान हेच असते. ती माणसाला मारत नाही, ती माणसाला एकटे करते. ज्याच्या विहिरीवर टँकर लागला तो गप्प, ज्याच्या वाडीच्या कुंपणावर कोणी खुणा करून गेले तोही गप्प. दोघे शेजारी, दोघे रविवारी एकाच बाकावर बसणारे, पण एकाला दुसऱ्याचे दुःख ठाऊक नाही. प्रत्येकाचे दार आतून बंद.

अशा वेळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी तोंड उघडले. नंदाखालला १९४२ साली जन्मलेले आणि १९७२ साली धर्मगुरू झालेले फादर १९८३ पासून ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. लिहिणे-वाचणे हे त्यांचे जग. त्यांच्यासारख्या माणसाने भाषांतरे करावीत, बायबलवर व्याख्याने द्यावीत, अशीच लोकांची अपेक्षा होती. पण पाणी आणि जमीन वाचवण्यासाठी हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली तेव्हा ते तिच्या अग्रभागी होते. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ‘धर्मगुरूने देऊळ सांभाळावे, या भानगडीत पडू नये’ असे सांगणारे आपल्यातही होते. ते सगळेच वाईट नव्हते, पुष्कळसे नुसते घाबरलेले होते.

फादरांना भीती वाटत नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. धमक्यांची भीती न वाटणारा माणूस आम्ही तरी पाहिलेला नाही. पण त्यांनी आपली भीती लोकांमध्ये आणून ठेवली आणि लोकांनी आपली भीती त्यांच्याजवळ आणून ठेवली. गावोगावी सभा झाल्या. ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान एकत्र आले. हजारोंचे मोर्चे निघाले. ज्या आयाबायांनी कधी बाजाराखेरीज रस्ता ओलांडला नव्हता त्या डोक्यावर पदर घेऊन मोर्चात चालल्या. मोर्चात चालताना एक विचित्र गोष्ट घडते, ती अनुभवणाऱ्यांनाच कळेल. शेजारी चालणाराही घाबरलेला आहे हे दिसते, आणि ते पाहून आपली भीती वाढण्याऐवजी कमी होते. फादरांनी पुढे आत्मचरित्र लिहिले, त्याचे नाव ‘नाही मी एकला’ असे आहे. त्या तीन शब्दांत त्या दिवसांचे सगळे सार आले आहे असे आम्हाला वाटते.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात अगदी असेच घडते. पेत्र आणि योहान यांना धर्मसभेपुढे उभे करतात, धमकावतात, येशूचे नाव पुन्हा काढू नका म्हणून ताकीद देऊन सोडतात. हे तेच पेत्र आणि योहान, बंद दाराआड बसलेले. सुटल्यावर ते पहिल्यांदा कुठे जातात? आपल्या माणसांकडे. आणि काय करतात? झालेल्या सगळ्या धमक्या सांगून टाकतात, काहीही लपवत नाहीत. मग सगळे मिळून प्रार्थना करतात. त्या प्रार्थनेत एक मागणी नाही, आणि ती नाही हे आपण लक्षात घ्यावे. धमक्या थांबव, त्या लोकांचा नायनाट कर, आम्हाला दुसऱ्या सुरक्षित गावी ने, असे ते म्हणत नाहीत. त्यांच्या धमक्यांकडे तू बघ आणि आम्हाला बोलण्याचे धैर्य दे, असे ते मागतात. धमकी देवाच्या हवाली आणि काम स्वतःकडे! आपली प्रार्थना पुष्कळदा याच्या उलट असते. काम देवाने करावे आणि आपण धमकीचा विचार करीत बसावे.

‘फादर, त्या आंदोलनाने काय साधले? आज वसई बघा,’ असे तरुण मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. इमारती उभ्या राहिल्याच. पुष्कळ बावखले बुजवली गेली. गोड पाणी सगळीकडे परत आले नाही. जिंकलो असा डांगोरा पिटावा असे त्यात फार नाही. पण पश्चिमेला आज जी वाडी, जी केळ, जी फुलबाग दिसते ती त्या काळात लोक बोलले म्हणून दिसते. आणि आणखी एक बदल झाला, जो नकाशात दिसत नाही: खिडकी न लावता नावे घेता येऊ लागली.

फादर पुढेही असेच वागले. उस्मानाबादला १० ते १२ जानेवारी २०२० रोजी भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली. ते ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून काहींनी विरोध केला, धमकीचे फोन झाले. त्यात त्यांचे पाठीचे दुखणे इतके वाढले होते की न जाण्यास उत्तम कारण हाताशी होते. ते गेले. चाकाच्या खुर्चीत बसून गेले आणि जे बोलायचे ते बोलले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी मराठीत आणलेले ‘सुबोध बायबल’ आज आपल्या अनेकांच्या घरी आहे. आजचे उतारे त्यातून वाचावेत असे आम्ही सुचवतो.

इथे एक धोका आहे. ‘देवावर विश्वास ठेवला की काही वाईट होत नाही’ असा अर्थ कोणी काढील. असे शिकवणारे उपदेशक हल्ली मोबाईलवर पुष्कळ आहेत. त्यांना आमचे एकच उत्तर आहे: आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेला हा मुलगा जेसुइट धर्मगुरूंबरोबर लहान वयात जपानला गेला, तिथली भाषा शिकला, धर्मशिक्षक झाला. जेसुइट संघात घ्यावे ही त्याची इच्छा पुरी झाली नाही. मग काही वर्षे त्याने व्यापार केला, चांगला जम बसवला आणि शेवटी मनिलाला फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला. १५९३ साली दुभाषा म्हणून तो जपानला परतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला एकूण २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आले, त्यांत तो होता. त्याआधी त्यांना कडाक्याच्या थंडीत शेकडो मैल चालवत नेले होते. त्यांच्यात बारा वर्षांचा एक मुलगाही होता. देवाने त्यांना वाचवले नाही. ८ जून १८६२ रोजी त्यांना संतपद देण्यात आले. पण संतपद हे काही मरणाची भरपाई नव्हे. गासच्या देवळात त्याच्यासमोर आपण मेणबत्ती लावतो तेव्हा नेमके काय मागतो, याचा विचार करावा. ज्याचे स्वतःचे संकट टळले नाही त्याच्याकडे आपण संकट टळावे म्हणून जातो! मागायला हरकत नाही, पण त्याच्याकडून मिळण्यासारखी गोष्ट वेगळी आहे.

पाचूबंदरच्या आपल्या कोळी बांधवांना हे अधिक चांगले समजते. वादळ शमवण्याचा प्रसंग (मार्क ४:३५-४१) ते ऐकतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहावे. गालीलचे सरोवर आपल्या समुद्रापुढे लहानसेच. पण होडीत जे ओरडत होते त्यांतले काही जण हाडाचे मच्छीमार होते. खलाशी घाबरला म्हणजे वादळ खरे आहे असे समजावे. येशू मागच्या भागात उशी घेऊन झोपलेला. शिष्यांनी त्याला उठवले आणि आम्ही बुडतो याची तुला काळजी नाही का, असे रागाने विचारले. अशी प्रार्थना फार सभ्य नसेल. पण ती खरी आहे, आणि ती ऐकली गेली. एका वृद्ध तांडेलाने आम्हाला एकदा सांगितले होते, ‘होडी निघताना आम्ही फादरांकडून आशीर्वाद घेतो. पण पाणी काढायचे भांडे, दोर आणि तरंगते टायर घेतल्याशिवाय निघत नाही. आशीर्वाद आहे म्हणून भांडे टाकून दिले तर तो देवाचा अपमान.’ येशू स्वतःसुद्धा काही काळ यहुदियात गेला नाही, कारण तिथे त्याला मारायला टपले होते (योहान ७:१). विश्वास म्हणजे बेफिकिरी नव्हे.

आणि आता आपल्या घरातल्या भीतीकडे येऊ. आजची भीती पिस्तूल घेऊन येत नाही. ती दवाखान्याचा रिपोर्ट घेऊन येते. कर्जाचा हप्ता घेऊन येते. मुलगा कॅनडाला, मुलगी दुबईला, आणि वाडीतल्या मोठ्या घरात दोघे म्हातारे. रात्री एकजण खोकला तर दुसऱ्याच्या पोटात गोळा येतो. सासूला भीती की सून वेगळी निघेल, सुनेला भीती की आपले कधी काही चुकायचे थांबणारच नाही. यांतली कोणतीच भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे, जरी काहींना ती आवडणार नाही. आपल्यातील काही कुटुंबे रविवारी ख्रिस्तयागाला येतात आणि घरात आजारपण रेंगाळले किंवा लग्न जमेना की गुपचूप भगताकडे जातात. ‘कोणी केले आहे’ असे तो सांगतो, आणि ते ‘कोणी’ बहुधा जवळचेच निघते: जाऊ, शेजारीण, चुलतभाऊ. दोरा बांधला जातो, पैसे जातात. ते जाऊ द्या. पण त्या दिवसापासून दोन घरांतली ये-जा थांबते. भीती गेली नाही, उलट तिला एक माणसाचा चेहरा मिळाला. आम्ही त्या कुटुंबांना दोष देत नाही. ती भगताकडे गेली, कारण त्यांची भीती ऐकून घ्यायला बसलेले दुसरे कोणी त्यांना दिसले नाही. आपण कुठे होतो?

हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो. मार्च २०२० मध्ये देवळे बंद झाली ती राज्यात १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. त्या वर्षी थोमाचा रविवार १९ एप्रिलला आला होता. आपण प्रत्येकाने तो उतारा आपापल्या घरात, दारे लावून वाचला. इतका खरा तो कधीच वाटला नव्हता. नियम पाळणे योग्यच होते. पण त्या काळात ओळखीच्या घरी मयत झाले तेव्हा दुरून फोन करण्याचीही आम्हाला भीती वाटली, हे कबूल केले पाहिजे. फोनमधून रोग येत नाही. आम्हाला रोगाची नव्हे, त्या घरातल्या रडण्याची भीती वाटत होती. काय बोलावे हे सुचणार नाही, याची. त्या बाईंना आम्ही सात-आठ महिन्यांनी देवळाच्या आवारात भेटलो. माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘काही बोलला नसता तरी चाललं असतं. फोन वाजला असता, एवढंच.’

म्हणून या महिन्याच्या समूहाच्या बैठकीसाठी एक विनंती आहे. योहान २०:१९-२९ सावकाश वाचावे, दोनदा. नंतर पाच मिनिटे कोणीही बोलू नये. मग ज्यांना वाटेल त्यांनी आपल्याला कशाची भीती वाटते ते एका वाक्यात सांगावे. इतरांनी सल्ला देऊ नये, ‘त्यात काय घाबरायचं’ असे तर मुळीच म्हणू नये, आणि ऐकलेले बाहेर नेऊ नये. ज्यांना बोलायचे नाही त्यांना कोणी आग्रह करू नये; आठ दिवसांनी दारे बंद ठेवणाऱ्यांनाही प्रभू रागावला नव्हता. शेवटी कृत्ये ४ मधील त्या प्रार्थनेच्या धर्तीवर, सांगितलेल्या प्रत्येक भीतीचे नाव घेऊन, सगळ्यांनी मिळून प्रार्थना करावी.

आणि बैठक नेहमीच्या मोठ्या घरी न घेता, शक्य असेल तिथे, जे आजारपणामुळे किंवा वयामुळे बाहेर पडू शकत नाहीत अशा कोणाच्या तरी घरी घ्यावी. खुर्च्या कमी पडतील. आपापल्या आणाव्यात.